शेरेबुकातली मुलगी

विठाबाईंनी आयुष्यात फार कमी गोष्टी मागितल्या आणि त्यातली एक मी चक्क नाकारली. हे आधीच सांगून टाकते.

वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेकाठी आमचं गाव. इथल्या शाळेत मी इतिहास शिकवते. शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि माजी विद्यार्थ्यांची यादी माझ्या गळ्यात पडली. समितीचे अध्यक्ष हौसराव आप्पा. बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. बोलणं तोडून टाकणारं, पण मनात काळंबेरं नाही. त्यांचा नियम एकच: जनरल रजिस्टरात नाव असेल तोच विद्यार्थी. मलाही तो पटला. इतिहासाची बाई कागदाची भक्त, दुसरं काय!

एका दुपारी बौद्धवस्तीतल्या विठाबाई शाळेत आल्या. वय सत्त्याहत्तर. जन्मभर लोकांच्या उसात खुरपणी केली, नवरा लवकर गेला, तरी तिन्ही पोरं शिकवली. थोरली करुणा आज नर्स आहे. पूर्वी वस्तीत कुणाचं पत्र आलं की वाचायला विठाबाईंकडंच यायचं.

"बाई, माझं बी नाव लिवा. म्या दोन वर्सं बसलीया ह्या साळंत."

मी रजिस्टर तीनदा चाळलं. नाव नव्हतं.

"पटावर कसं आसंल? आय रोजानं जायची, धाकटा भाऊ माझ्या काखंत. गाडेकर मास्तर म्हनायचे, बस मागं. पोरगं रडाय लागलं की त्येला गुळाचा खडा द्यायचे." मग त्यांचा आवाज उतरला. "एक दिस मोठा सायब आला. मला वाचाय उठिवलं आन् म्या अडाकले. दुसऱ्या दिशी मास्तर म्हनले, आता येऊ नगं. अडाकले म्हनून घालिवलं मला."

"कधीची गोष्ट ही?"

"बाबासाहेब गेले, त्येच्या फुडल्या हिवाळ्यात. हितंच, ह्या दगडी वऱ्हांड्यात."

मी हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. पण वऱ्हांडा बांधलाय चौसष्ट साली. त्याआधी शाळा चावडीत भरायची. चूक सापडल्याचा मला कोण आनंद! म्हटलं, "आजी, तुमचं जुळत नाही." शेजारी बसलेले आप्पा म्हणाले, "प्रौढ साक्षरता वर्गात शिकल्या आसत्याल. म्हातारपनी समदं मिसळतंय." विठाबाई उठल्या. चपला घातल्या आणि निघून गेल्या.

त्यांची पाठ मला दोन दिवस छळत राहिली. त्याच आठवड्यात मी नववीच्या मुलांना ऐटीत शिकवलं होतं, की कोणताही कागद हाती आला की आधी त्याला विचारा, तू कशासाठी लिहिला गेलास? रजिस्टर लिहिलं दाखल झालेल्यांसाठी. दाखल न झालेल्या मुलीबद्दल ते बिचारं काय सांगणार? आणि वऱ्हांडा चुकला म्हणून मुलगीच खोटी ठरते का? सत्तर वर्षांत माणसाची आठवण चावडीतून वऱ्हांड्यात जाणारच. लोकांना शहाणपण शिकवायचं आणि आपण कोरडं पाषाण राहायचं, त्यातली गत माझी.

मग मी ऑफिसचं कपाट उपसलं आणि नकाशांच्या गुंडाळ्यांखाली शेरेबुक सापडलं. तपासणीला आलेले साहेब त्यात शेरा लिहून जातात. ते शाळेचं कौतुक करायला बसत नाहीत, चुका काढायला बसतात. म्हणून तर त्यांच्या लिहिण्यावर माझा जास्त विश्वास.

सतरा जानेवारी १९५८ चं पान मी दोनदा वाचलं. मग आप्पांना फोन केला आणि विठाबाईंना बोलावणं धाडलं.

आप्पांनी पान वाचून पहिला प्रश्न बरोबर विचारला. "ह्यात नाव कुठंय? कुनाची बी पोरगी आसंल."

मी रेकॉर्डिंग लावलं. मागं बसलेली मुलगी, धाकटा भाऊ, त्याचं रडणं, साहेब, हिवाळा. "आप्पा, हे बोलणं मंगळवारचं आणि पान सापडलं शुक्रवारी. विठाबाईंनी शेरेबुक पाहिलं नव्हतं आणि साहेबांनी विठाबाईंची गोष्ट ऐकली नव्हती."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "व्हय. ठरवून बी इतकं जुळत न्हाई."

एवढ्यात विठाबाई आल्या. मी पान त्यांच्यापुढं सरकवलं. त्या बोट ठेवून, सावकाश, मोठ्यानं वाचू लागल्या.

"पटावर नाव नसलेली एक मुलगी लहान भावास मांडीवर घेऊन वर्गात बसलेली आढळली. मुलाच्या रडण्याने कामात व्यत्यय. मुलीचे वाचन चौथीच्या मुलांहून बरे." इथं बोट थांबलं. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली. "तथापि दाखल नसता कोणासही वर्गात बसवू नये, अशी शिक्षकांस सक्त ताकीद दिली."

खाली वेगळ्या अक्षरात दोन ओळी होत्या. "सूचनेप्रमाणे मुलीस घरी पाठविले. वय अधिक असले तरी तिला दाखल करून घेण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. गाडेकर."

"मग?" विठाबाईंनी विचारलं.

पुढची पानं मी पाहिली होती. "त्याला उत्तर कुणी दिलं नाही, आजी."

त्यांनी त्या सहीवरून बोट फिरवलं. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "म्हंजी मास्तरनं मला घालिवलं न्हवतं." माझंही मन एकदम हलकं झालं. आप्पा यादीचा कागद ओढून स्वतः त्यांचं नाव लिहायला बसले.

विठाबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. "बाई, गाडेकर मास्तरांच्या घरचं कुनी हाय का?"

"नातू आहे, केडगावला. स्टेशनजवळ दुकान आहे त्याचं."

"मला जायाला पायजे. सदुसष्ट वर्सं लई वंगाळ बोललीया म्या त्या मान्साला. आता यष्टी हाय का?"

"यष्टी कशाला?" आप्पा पेन खिशाला लावत उठले. "बसा, गाडी काढतो."