न उसवलेली टीप

बाळासोची टीप उसवली, असं कावळा नाक्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. पंचवीस वर्षं हा गाड्यांची सीट कव्हरं शिवतोय, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात. आता मात्र हा बडबड्या माणूस मधेच मशीन थांबवतो आणि आपल्याच डाव्या बरगड्या चाचपत बसतो. बाळासोला काहीतरी झालंय, असं लोक म्हणतात. झालंय खरं.

अडीच वर्षांपूर्वी कागलचे कापडवाले श्रीपालअण्णा नवी गाडी घेऊन दुकानात आले होते, बायकोसकट. राजमतीवहिनींनी डाव्या सीटवर बसूनच नमुन्याची शिवण नखानं ओढून पाहिली. "पक्की मार बाबा, महिन्यात उसवाय नको." मग काय, गड्याला चेव आला. सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली बारकी चिठ्ठी होती, ती त्यानं कव्हराखाली दाबली आणि दोनाच्या जागी तीन टिपा मारल्या.

चार महिन्यांनी कागलच्या फाट्यावर उसाची ट्रॉली डाव्या अंगानं त्या गाडीत घुसली. अण्णा वाचले, वहिनी गेल्या.

कव्हरं काढायला गॅरेजच्या गुंडू मिस्त्रीनं यालाच बोलावलं. टीप कापली, तशी आतून चुरगळलेली पांढरी पिशवी बाहेर लोंबली. गुंडूनं समजावून सांगितलं. समोरनं धडक बसली तर मार खायला आख्खं बॉनेट असतं. बाजूनं बसली तर दार आणि माणूस यांच्यात जेमतेम वीतभर जागा. म्हणून ही पिशवी सीटच्या कडेतच ठेवतात. धक्का बसला की पापणी लवायच्या आत ती फुगते आणि दार अन् बरगड्यांच्या मधे येते. कंपनी तिथली शिवण मुद्दाम कच्ची घालते, फाटावी म्हणूनच.

"ही फुगली की. पर वाट मिळाली न्हाय."

"मिळाली असती तर वाचल्या असत्या?"

"कुणाला ठावं. कदाचित."

त्या 'कदाचित'नं बाळासोला धरलं. कुठल्याही गाडीचं डावं दार उघडलं की वहिनी बसलेल्या दिसायच्या, नखानं शिवण ओढत. नव्या गिऱ्हाइकाच्या सीटची कड तो उघडी ठेवायचा, का ते सांगायचाही. अण्णांना तेवढं सांगायचं धाडस झालं नाही. भ्याला, दुसरं काय!

परवा दुपारी अण्णा दुसरी गाडी घेऊन दारात उभे राहिले. लेक आदिती वारणानगरला कॉलेजात शिकवते, तिच्यासाठी घेतलेली.

"तशीच टीप मार. गाडीचा चुराडा झाला, तुझी टीप तेवढी टिकली."

बाळासोनं हातातली कात्री बाजूला ठेवली. "तीच फाटाय पायजे हुती, अण्णा," तो म्हणाला, आणि चिठ्ठीपासून पिशवीपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

अण्णा स्टुलावर बसले.

"दोन वर्षं मी म्हणतोय, माझाच ब्रेक उशिरा लागला. पोरगी अजून माझ्याशी धड बोलत न्हाय. आणि तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"ऊठ. गाडीत बस. हे तिला तुझ्या तोंडानं सांग."

अण्णांनी डावं दार उघडलं. सीट कोरी होती, कडेची चिठ्ठी स्पष्ट दिसत होती. बाळासो मागच्या दाराकडं वळला. "मागं बसू का?" त्यानं विचारलं.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "हितंच बस."