काडीपहिलवानाचं कपाट

अंगापिंडानं म्हणाल, तर शेजारी कुणी जोरात शिंकलं तरी दोन पावलं मागे सरतील असे हे गृहस्थ. म्हणून शाळेपासून सगळे त्यांना काडीपहिलवान म्हणत. पुढे बेचाळिसाव्या वर्षी त्यांना कुलपं उघडायच्या काड्या बनवायचा नाद लागला आणि नावाला अर्थ आला. "लोकांचे आधी गुण दिसतात, मग नाव पडतं. माझं नाव आधी पडलं, गुण उधळायला मी जरा वेळ घेतला," असं ते स्वतःच सांगतात. पुढचं सगळंही त्यांनीच सांगितलेलं आहे. आपली फजिती दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगावी, निदान मीठ तरी आपल्या अंदाजानं पडतं, असं त्यांचं म्हणणं.

या नादाचं मूळ एका जांभईत आहे. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी घराचं दार ओढलं गेलं. किल्ली आत, आणि पहिलवान, त्यांची बायको आणि नुकतीच शाळेतून आलेली मुलगी बाहेर जिन्यात. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं कुलपात दोन तारा घातल्या आणि पहिलवान "जरा जपून हां" म्हणेपर्यंत दार उघडलंसुद्धा. वर त्या भल्या माणसानं जांभई दिली. अहो, जांभई! ज्या दाराच्या भरवशावर आपण बिनघोर घोरत पडतो, ते उघडताना माणसाला झोप यावी? त्यात मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, "आई, हे काका किती हुशार आहेत गं!" जांभई पहिलवानांनी एक वेळ पचवली असती. टाळ्या काही पचल्या नाहीत.

पहिलवानांची नोकरी चष्म्याच्या दुकानात. मागच्या टेबलावर बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, सैल झालेले स्क्रू आवळायचे. मोडक्या फ्रेमांचा डबा त्यांच्या पायाशीच असतो. आता चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या काडीच्या पोटात पोलादाची बारीक पट्टी असते, हे तुम्हाआम्हाला कशाला ठाऊक असणार? पहिलवानांना होतं. ती पट्टी ते सोलून काढत, जेवणाच्या सुट्टीत कानशीनं घासत, टोक जरासं वळवत आणि चकचकीत करत. अकरा वर्षांत अशा सत्तावीस काड्या झाल्या. बायकोच्या जुन्या परकराची त्यांनी एक लांब गुंडाळी शिवून घेतली, प्रत्येक काडीला वेगळा कप्पा. ती उलगडून बसले की थाट अगदी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा. फक्त रोगी तेवढे आधीच मेलेले, कारण कुलपं सगळी भंगारातली.

कुलूप टेबलाला आवळायचं, चष्मा काढून ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आत काय चाललंय ते बोटांनी ऐकायचं, ही त्यांची रीत. एखादं कुलूप सुटलं की ते आनंदानं ओरडत, "उघडलं!"

"कशाचं?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

कशाचंच नव्हतं ते. कुलूप उघडलं की पलीकडे टेबल दिसायचं, बास.

बायको एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिच्या जिभेला चांगली धार आलेली. "आपल्याकडे चोर आला ना, तर हे त्याला खुर्ची देतील. म्हणतील, बस बाबा, तुझा हात चुकतोय," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुणे हसताना सगळ्यात मोठ्यानं पहिलवानच हसायचे. एकदा मात्र त्यांनी जिन्याखालच्या टपालपेटीच्या कुलपावर हात चालवून पाहिला. आठवडाभर टपाल आत आणि घरची मंडळी बाहेर. त्या दिवशी बायकोनं त्यांच्याकडून शब्द घेतला की वापरातल्या कुलपाला बोट लावायचं नाही. लोखंडी कपाटाची किल्लीही तेव्हापासून तिच्या पर्समध्ये राहायला गेली.

तर झालं असं. मुलगी शिकून मोठी झाली आणि तिला दूरच्या गावी, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. दोन वर्षं खटपट करून मिळवलेली पहिली नोकरी. एके दिवशी सकाळी साडेनऊला तिला फोनवर निरोप आला: मूळ प्रमाणपत्रं आजच चारच्या आत जिल्ह्याच्या कचेरीत आणून दाखवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. प्रमाणपत्रं कपाटात, कपाटाची किल्ली पर्समध्ये, पर्स दवाखान्यात. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. आई एक वाजता घरी येणार होती आणि कचेरी बसनं तासाभराच्या अंतरावर. म्हणजे कुणी काहीही केलं नसतं, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. नेमका त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती.

"बाबा, आईला फोन करते. जरा लवकर निघ म्हणते," मुलगी म्हणाली.

"किल्ली कशाला हवी?" पहिलवान म्हणाले.

हे वाक्य त्यांनी अकरा वर्षं मनात घोळवून गुळगुळीत करून ठेवलं होतं. बायकोला दिलेला शब्द आठवला, नाही असं नाही. पण पोरगी आठ दिवसांत घर सोडून जाणार होती, आणि बापाच्या हातून एकही खरंखुरं कुलूप उघडताना तिनं पाहिलं नव्हतं. एकदा तिनं पाहावं, एवढीच त्या माणसाची हाव.

कपाटाला गोल पितळी कुलूप होतं. पहिलवान पाटावर बसले, गुंडाळी उलगडली, चष्मा काढला, कपाळ कपाटाच्या दाराला टेकवलं आणि डोळे मिटले. मुलगी मागे उभी. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग बोटांखाली ती ओळखीची बारीक हालचाल झाली आणि कुलूप फिरलं. फिरलं हो! पहिलवानांच्या अंगावर काटा आला. त्या भरात त्यांनी ते आणखी फिरवलं.

"बाबा, उघ..." मुलगी ओरडली.

ते कुलूप पाव फेऱ्यात उघडतं. पहिलवानांनी डोळे मिटून अर्धा फेरा मारला. खिट्टी मागे गेली आणि पुन्हा पुढे आली. आतल्या ज्या बारीक खुंट्या वरच राहायला हव्यात, त्या उलट्या बाजूनं किल्लीच्या खाचेत पडल्या. खट्ट. कुलूप जाम बसलं. दार उघडलं होतं, पण त्याला कपाळ टेकवून गृहस्थ स्वतःच बसलेले, ते उघडणार कसं? "दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी वाहणारा मी," ते सांगतात, "आणि नेमका पाहायच्या वेळी आंधळा."

पुढचे तीन तास त्यांनी सत्तावीसच्या सत्तावीस काड्या वापरून पाहिल्या. कुलूप हललं नाही. एक वाजता बायको आली. तिनं पर्समधून किल्ली काढून कुलपात घातली, तर ती अर्धी जाऊन अडली.

"काय झालं याला? काल तर उघडत होतं."

"जुनं झालंय," पहिलवान म्हणाले. "आतून गंजलं असेल." गुंडाळी त्यांनी पलंगाखाली सरकवली होती.

बायकोनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हो गं आई, अडकलंय," ती म्हणाली.

किल्लीवाल्याला बोलावणं भाग होतं. कोपऱ्यावरचा तोच. अकरा वर्षं पहिलवान त्याच्या टपरीसमोरून जायचं टाळत होते, पलीकडच्या कडेनं चालायचे. तो आला, पेटी ठेवली, कुलपाला कान लावला आणि विचारलं, "काय केलंत?"

"काही नाही. गंजलं," पहिलवान म्हणाले.

गंजलेलं म्हटल्यावर त्यानं गंजल्याचा इलाज केला. तेल सोडलं, ते मुरायची वाट पाहिली, लाकडी हातोडीनं ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. सव्वादोन वाजले. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "असं नाही ऐकायचं हे. कापावं लागेल. यंत्र आणतो, पण तास-दीड तास धरा."

तीनची बस चुकली की संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलवानांनी मुलीकडे पाहिलं. ती दाराशी चपला घालून उभी होती. हातात रिकामी फाइल, डोळे भरलेले, आणि ओठ घट्ट मिटलेले. दोन वर्षांची खटपट तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती आणि ही पोर बापाची अब्रू झाकत उभी होती. पहिलवानांना स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

"थांबा," ते म्हणाले. "गंजलेलं नाही ते. मी उघडलं. म्हणजे, उघडून बंद केलं. डोळे मिटून अर्धा फेरा मारला."

असं म्हणून ते गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखालून गुंडाळी ओढून काढली. बायकोनं कपाळाला हात लावला.

"हे पाऊण तासापूर्वी सांगायला काय झालं होतं?" किल्लीवाला म्हणाला.

"लाज वाटली."

किल्लीवाल्यानं पेटीतली एक पट्टी काढली, खाचेत लावून पाहिली. जाड झाली. दुसरीही जाड. मग त्याचं लक्ष उलगडलेल्या गुंडाळीकडे गेलं. त्यानं एकेक काडी उजेडात धरली आणि सगळ्यात पातळ होती ती उचलली.

"ही कशाची?"

"लहान मुलाच्या चष्म्यातली."

त्यानं ती खाचेच्या तळातून आत सरकवली, खुंट्या होत्या तिथे परत ढकलल्या आणि कुलूप मागे फिरवलं. दार उघडलं. पुरती दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलीनं प्रमाणपत्रं ओढून घेतली आणि जिना धडाधड उतरून गेली. टाळ्या वाजवायला कुणाला फुरसत नव्हती.

किल्लीवाला ती काडी बोटांत फिरवत राहिला. "हत्यार झकास बनवलंय," तो म्हणाला. पहिलवानांची छाती दोन बोटं फुगली. "उघडायचं काम मात्र दुसऱ्यावर सोपवत जा," तो पुढे म्हणाला. मजुरीऐवजी त्यानं ती काडी मागून घेतली, आणि पेटी उचलताना जांभई दिली.

मुलगी पावणेचारला कचेरीत पोचली. नोकरी राहिली. घरी बायको त्या संध्याकाळी बरंच बोलली. काड्या करायची खोड जित्याची आहे ती काही जायची नाही, हेही बोलून झालं. पण पहिलवानांना लागलं ते एकच वाक्य. "कपाटाचं जाऊ द्या हो. पोरीला माझ्याशी खोटं बोलायला लावलंत."

आठ दिवसांनी मुलगी निघाली तेव्हा तिनं गुंडाळीतली एक काडी मागून घेतली आणि पर्समध्ये टाकली. पहिलवान आता पुन्हा भंगारातली कुलपं उघडतात. कपाटाची किल्ली अर्थातच बायकोच्या पर्समध्ये असते. कोपऱ्यावरून जाताना मात्र ते आता अलीकडच्या कडेनं जातात, आणि महिन्यातून एखादी पातळ काडी टपरीवर देऊन येतात.

तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी, मुलीचा फोन आला. ती जिन्यात उभी होती, आवाजावरून कळत होतं.

"बाबा, दार ओढलं गेलं. किल्ली आत राहिली. तुमची काडी आहे माझ्याकडे. सांगा ना, आधी काय करू?"

पहिलवान ताठ बसले. सवयीनं चष्मा काढला, डोळे मिटले. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना जगात कुणी विचारला नव्हता. समोर बायको हातातलं काम टाकून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी डोळे उघडले.

"आधी ती काडी पर्समध्ये ठेव," ते म्हणाले. "मग किल्लीवाल्याला बोलाव."

"काय हो बाबा! मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"आवडलं ना. फार आवडलं. पण तू किल्लीवाल्याला बोलाव. आणि काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तर पहिल्या फटक्यात खरं सांग."

पलीकडे मुलगी हसायला लागली. "सांगते. पण तो जांभई देईल, बघा."

"देऊ दे," पहिलवान म्हणाले. "तू आपल्या टाळ्या वाजव."