चार वीस ते पावणेपाच

आमच्या घरात सापाला साप म्हणत नसत. दिसला तर ‘जनावर’ म्हणायचं, चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचं. नाव घेतलं की तो येतो, अशी आईची समजूत. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण घरात मीही तो शब्द उच्चारत नसे. बीडच्या दैनिकात बातमी करताना मात्र ‘सर्पदंश’ लिहायचो.

जर्मनीहून एक विद्यार्थिनी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा ही गोष्ट तिला सांगावी असं कुणाला सुचलं नाही. ती मराठी शिकत होती. तीन महिने मराठी कुटुंबात राहायचं, असा तिच्या अभ्यासक्रमाचा नियम होता. शहरातलं घर तिला नको होतं, म्हणून एका ओळखीच्या प्राध्यापकांनी तिला नेकनूरच्या पुढं आमच्या वस्तीवर पाठवलं. घरात आई आणि मी. तीन बाजूंना शेत, चौथीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे शेजाऱ्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज.

तिचं मराठी पुस्तकातलं होतं. “माझे भोजन झाले आहे,” असं ती म्हणाली की आई म्हणायची, “पोरी, पोट भरलं म्हण की सरळ. लई झालं म्हण.” महिन्याभरात तिच्या तोंडी ‘लई’, ‘न्हाई’ आणि ‘का’ऐवजी ‘कावून’ बसले. प्रश्न ती कमी विचारायची. आम्ही काय करतो ते आधी बघायची, मग तसंच करायची. पहिल्या आठवड्यात आई जेवताना बोलत नव्हती, म्हणून तीही गप्प जेवली. आईची दाढ दुखत होती, एवढंच कारण होतं. ते तिला चार दिवसांनी कळलं आणि तिघंही हसलो.

पाचव्या आठवड्यात ती उसाच्या कडेनं चालून आली. उसाचं पान धारदार असतं. तिच्या दंडावर बारीक रेघ उमटली होती. ओट्यावर येऊन ती म्हणाली, “आई, मला पान लागलं.”

व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात काहीच चूक नव्हती. आईच्या हातातली परात खाली पडली. गॅरेजवाला शेजारी तेव्हा आमच्या पंपाचा पट्टा बसवत होता. तो पाना हातात घेऊनच धावत आला. “कुठं? हात दाव! काय बे पत्रकार, बघत काय उभा राहिलास? गॅरेजातली जीप काढ!”

तिनं दंड पुढं केला. आम्ही रेघ पाहिली आणि आई खाली बसून हसायला लागली. मग तिला अर्थ सांगितला. तिनं तो वहीत लिहून घेतला.

तिथून त्या शब्दाची घरात थट्टा सुरू झाली. आईला सुई टोचली की, “पान लागलं गं मला.” माझ्या बोटाला चटका बसला की, “पान लागलं का रे?” ती जर्मन मुलगीही हसायची. शेजाऱ्याला ते आवडलं नव्हतं. “मावशी, ह्या लफ्जाची मजाक करू नका,” असं तो दोनदा म्हणाला. “आमच्या अब्बांचा भाऊ असाच गेलाय.”

“तुला लई भ्या,” आई म्हणाली.

त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. आई दारात मेथी निवडत होती. मुलगी शेळीला कडबा आणायला गंजीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा मी घड्याळ पाहिलं, कारण साडेचारला मला एक फोन करायचा होता. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

“आई, पान लागलं,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा होता.

“आज कुठलं? उसाचं का कपाशीचं?” आईनं मान वर न करता विचारलं. मी पेपरमागून हसलो.

ती थोडा वेळ उभी राहिली. आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि पायरीवर जाऊन बसली.

मी साडेचारचा फोन केला. तो दहा मिनिटं चालला. फोन ठेवल्यावर तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. चूळ भरून ती थुंकली, तर पाणी लाल होतं. मग मी तिचा पाय पाहिला. घोट्यापासून वर सूज चढली होती, कातडी ताणून चकाकत होती. घोट्याच्या मागं दोन टोचल्याच्या खुणा होत्या.

“अगं, सांगितलं का न्हाईस?” आई ओरडली.

“सांगितलं,” ती म्हणाली. “तुमी घाबरला न्हाईत. मला वाटलं, असं शांत बसायचं असतं.”

शेजाऱ्यानं जीप आणली. आम्ही पावणेपाचला दवाखान्याकडे निघालो. वाटेत तिला दोनदा उलटी झाली आणि दोन्ही वेळा जीप घाण झाल्याबद्दल तिनं शेजाऱ्याची माफी मागितली.

डॉक्टरांनी घोणस असावी असं सांगितलं. “चावून किती वेळ झाला?” मी म्हणालो, “चार वीसला तिनं सांगितलं.” “आणि निघालात कधी?” “पावणेपाच.” त्यांनी मान वर करून पाहिलं, मग कागदावर दोन्ही वेळा लिहिल्या. सापाच्या विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, म्हणून तिला छत्रपती संभाजीनगरला हलवून डायलिसिसवर ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी वीस-पंचवीस मिनिटांनी किती फरक पडला असता, ते सांगता येत नाही असं सांगितलं. मी हा प्रश्न दोन डॉक्टरांना वेगवेगळा विचारला. उत्तर तेच मिळालं.

सहाव्या दिवशी तिचे वडील आले. उंच, थकलेला माणूस. आदल्या संध्याकाळपासून लघवी थोडी सुरू झाली होती. वडील तिच्याशी बराच वेळ जर्मनमध्ये बोलले. मग त्यांनी माझ्याकडे बोट करून काही विचारलं.

“बाबा विचारतायत, निघायला उशीर कावून झाला,” ती म्हणाली.

माझं उत्तर तयार होतं. वेळा, फोन, हसणं, सगळं क्रमानं सांगायचं मी ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ती वडिलांकडे वळली आणि तीन-चार वाक्यं बोलली. मला त्यातलं काही कळलं नाही. वडिलांनी मान हलवली, पलंगाला वळसा घालून आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. तिनं डोळे मिटून घेतले होते.

काय सांगितलंस, असं मी तिला विचारलं नाही.

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. घरून निघताना तिनं एकच गोष्ट बजावली होती, की पोरीच्या माणसांना खरं काय झालं ते सांग, माझं नाव घेऊन सांग.

“आले का तिचे वडील?”

“आले.”

“सांगितलंस का?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

“मग? काय म्हणले?”

“काही न्हाई,” मी म्हणालो. “हात धरला.”

पलीकडे आई रडायला लागली, आणि मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.