एका हार्ड डिस्कमधला आवाज

मित्रांनो, आज माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून मन फार जड झालंय.

मालवण जेटीजवळ बोटिंगचं ऑफिस चालवणाऱ्या काकी बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आल्या. "बाकी सगळा गेला तरी चलात. ह्येंचो आवाज तेवढो काढून दी रे."

त्यांच्या यजमानांनी पर्यटकांसाठी लाइफ जॅकेटची सूचना रेकॉर्ड केली होती. ते वारल्यावरही काकी ती रोज लावत. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. मी दुपारपर्यंत खटपट केली, पण हार्ड डिस्क काही उघडली नाही.

आता नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार होता; त्यासोबत मी एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड बॅकअप घ्यायला सुचवलं.

काकी म्हणाल्या, "आता तेच्यात काय ठेवू?"

मित्रांनो, तुमच्या माणसांचे आवाज कुठे कुठे जपलेत तुम्ही?