बहिणीचे टक्के

आमच्या जगात माणसाची ओळख टक्क्यांनी होते. तुम्ही किती टक्के, हे आधी विचारतात, नाव मागाहून. मी पंचावन्न टक्के. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर आणि काठी. सरकारी कचेरीत अपंगांच्या कोट्यातून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता आम्हाला दिव्यांग म्हणतात. शब्द गोड झाला, पायऱ्या मात्र होत्या तिथेच आहेत.

गेली वीसेक वर्षं मी लोकांचे अपंगत्वाच्या दाखल्याचे फॉर्म भरून देते. डोंबिवलीहून, विठ्ठलवाडीहून माणसं आमच्या कळव्याच्या खोलीत येतात. फॉर्म भरण्यापेक्षा मोठं काम म्हणजे त्यांना वैद्यकीय तपासणीसाठी तयार करणं. इस्त्रीचे कपडे घालू नका, घड्याळ लावू नका, डॉक्टरांनी विचारलं की पटकन उत्तर देऊ नका, थोडंफार जमत असेल तर जमत नाही म्हणा. टक्के चाळीसच्या खाली आले की हाती काही लागत नाही, आणि डॉक्टर बघणार पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत माणूस धड दिसला की संपलं. ही शिकवणी मी फुकट देत असे आणि मला तिचा चांगलाच तोरा होता.

माझी धाकटी बहीण माझ्याजवळच राहते. चाळिशीला आलीय. जन्मताना तिच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, त्यामुळे उजवा हात आखडलेला, चाल वाकडी आणि बोलणं इतकं जड की आई गेल्यापासून ते फक्त मला कळतं. डोकं मात्र माझ्याहून तल्लख. डाव्या एका हाताने, परात भिंतीला टेकवून ती पीठ मळते आणि कुकरात मीठ घालून नानकटाई भाजते. अख्खी चाळ खाते. तिला एकच हवं होतं. बेकरीचं रीतसर शिक्षण घ्यायचं आणि कुठल्या तरी बेकरीत कामाला जायचं. “डबा घेऊन,” ती म्हणायची. डब्यावर तिचा फार जोर असे. कामाला जाणारी माणसं डबा नेतात, एवढं तिने लहानपणापासून दारात बसून पाहिलं होतं.

तिचा जुना दाखला हाताने लिहिलेला होता. नव्या कार्डासाठी पुन्हा तपासणी आली. माझ्या डोक्यात तेव्हा बेकरी नव्हती, मी गेल्यावर हिचं काय, एवढंच होतं. टक्के जास्त पडले आणि सतत मदतनीस लागतो असा शेरा मिळाला, तर पेन्शनला आणि पुढे एखाद्या संस्थेत राहायला सोपं जाईल, असं मी ठरवून टाकलं. तिला विचारलं नाही. जिल्हाधिकारी कचेरीबाहेर उन्हात बसून ‘आमच्याबद्दल ठरवताना आम्हाला विचारा’ म्हणून घसा फोडणारी मी, घरात विचारायला विसरले. विसरले कसली, गरजच वाटली नाही.

तपासणीच्या दिवशी तिला माझा जुना, विटका ड्रेस घातला. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, “सही करता येते का तुम्हाला?”

तिचा चेहरा उजळला. चार महिने ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही गिरवत होती. तिने डावा हात पेनाकडे नेला. मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला आणि म्हटलं, “नाही हो डॉक्टर, अंगठाच. सगळं मलाच करावं लागतं.” शाईचा पॅड पुढे आला. तिचा अंगठा धरून मीच त्यावर टेकवला.

रिक्षात ती म्हणाली, “मला येत होतं.”

“येतं गं राणी, पण इथे येत नाही म्हणायचं असतं.”

ऐंशी टक्के मिळाले, हवा तो शेराही मिळाला. त्या दिवशी मी खुशीत घरी मटण केलं.

सात-आठ महिन्यांनी घोडबंदर रोडच्या एका प्रशिक्षण केंद्राची माहिती तिनेच मोबाइलवर शोधून काढली. दिव्यांगांसाठी बेकरीचा कोर्स, पुढे कामाला लावून देणार. बसने ट्रॅफिकमध्ये दीड तास गेलो. तिने नवा कुर्ता घातला होता आणि पिशवीत नानकटाईचा डबा घेतला होता. तिथल्या मॅडमनी कार्ड आणि दाखला वाचला, पुन्हा वाचला.

“इथे सतत मदतनीस लागतो असं आहे. सहीसुद्धा करता येत नाही. आमच्याकडे मोठे ओव्हन आहेत ताई, गरम ट्रे आहेत. या कागदावर मी कशी घेऊ?”

मी कायदा काढला. समान संधी काढली, कलमं काढली, आवाज चढवला. ते मला छान जमतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि दाखला माझ्याकडे सरकवला. “हे तुम्हीच सांगितलंत ना तिथे?”

“हो. खोटं सांगितलं,” मी म्हटलं. बहीण शेजारीच बसली होती. तिच्यासमोर हे बोलताना मला माझीच शिसारी आली.

मॅडम तिच्याकडे वळल्या. “तुम्ही सांगा. काय काय येतं तुम्हाला?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. ती मॅडमकडे बघेचना, माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच, तिच्या त्या जड बोलण्यात, म्हणाली, “ताई, इथे काय म्हणायचंय? येतं म्हणू, का येत नाही म्हणू?”

“काय म्हणाल्या त्या?” मॅडमनी मला विचारलं.

त्यांना कळलं नव्हतं. मला ते शब्द जसेच्या तसे सांगता आले असते. मी म्हटलं, “तिला सगळं येतं म्हणते.” बहिणीने मान खाली घातली. नानकटाईचा डबा पिशवीतून बाहेर काढायचा राहूनच गेला.

नवीन दाखला आणा, मग बघू, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. मी फेरतपासणीचा अर्ज केला, हेलपाटे घातले. दोनदा तारीख मिळाली. दोन्ही वेळा मी सकाळी लवकर आवरून तिला उठवायला गेले. ती जागीच होती, भिंतीकडे तोंड करून.

“मी कशाला येऊ?” ती म्हणाली. “तू जा, आणि माझं काय ते सांगून ये.”