डाव्या बाजूचा आरसा

माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि भाऊजी असे दात घडवायचे की घालणाऱ्यालाही ते आपलेच वाटावेत. कुणाचं जेवण अडू नये म्हणून दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नाही. ताईला दिलेला तेवढा राहून गेला.

त्यांना नाद जुन्या जपानी स्पोर्ट्स कारचा. भंगारवाल्याच्या आवारातून त्यांनी एक ओढून आणली. लांब नाकाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी. पायाखालचा पत्रा इतका कुजलेला की आत बसलं तर खालचं गवत दिसायचं. ताईनं तिचं नाव ठेवलं पाहुणी. "आली ती आली, गॅरेज बळकावून बसली," म्हणायची. पण सीटची कातडी कव्हरं तिनंच हातानं शिवली, जुन्याच भोकांतून सुई काढत. तिची मागणी एकच होती, गाडी झाली की तळ्याला एक वळसा, आणि भाऊजींनी तसा शब्द दिला होता.

इंजिन पहिल्यांदा नीट चालू झालं तेव्हा मी तिथेच होते. ताई चपला घालून, पर्स काखेत मारून तयार. भाऊजी हात पुसत म्हणाले, "आज नको. डावा आरसा मिळू दे."

त्या गाड्यांना आरसे दारावर नसत, पार पुढे, चाकांच्या वर असत. उजवा शाबूत होता, डाव्याच्या जागी नुसती दोन भोकं. दुसऱ्या कंपनीचा आरसा बसत होता, पण तो त्यांना चालेना.

"अहो, आरशात बसून जायचंय का मला?" ताई म्हणाली.

"अर्धवट गाडी रस्त्यावर काढली की लोक आधी उणं बघतात."

"लोक नाही, तुम्ही बघता," मी म्हटलं. ते हसले आणि बॉनेट पुसायला लागले.

मग दर सुट्टीला तेच. गाडी चालू व्हायची, गॅरेजमध्येच गुरगुरायची, बंद व्हायची. ताईनं पुढे पुढे विचारणं सोडलं. तेव्हा भाऊजींना वाटलं, तिला समजलं.

ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुब्याचा सांधा बदलावा लागला. ती अंथरुणावर असतानाच जपानहून पार्सल आलं. आरसा अगदी हवा तसा, जोडीचा. भाऊजींनी तो बसवला, आणि ती वॉकर घेऊन चालायला लागल्यावर तिला गाडीपाशी नेलं. मलाही बोलावलं होतं.

दार उघडलं. ताईनं खाली पाहिलं. सीट तिच्या गुडघ्याच्याही खाली. डॉक्टरांनी तिला खोल बसायला साफ मना केलं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. भाऊजींनी घरातल्या उशा आणून रचल्या, पण मग डोकं छताला लागणार हे उघड दिसत होतं.

"राहू दे," ताई म्हणाली. "बसेन एक वेळ, पण उठवायला क्रेन मागवावी लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बस. माझ्या वाटणीचा वळसा मारून ये."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं तोवर उशा काढून काखेत घेतल्या होत्या.

मी ताईनं घातलेल्या टाक्यांवर बसले. गाडी फाटकाबाहेर पडली. इंजिन इतकं सुरेल चाललं होतं की मला त्याचा राग आला. भाऊजी रस्ता कमी आणि डावीकडचा तो आरसा जास्त बघत होते. मी मान वळवून पाहिलं. ताई फाटकाच्या खांबाशी वॉकर धरून उभी होती, लहान लहान होत चालली होती.

तळ्याकडे वळायच्या कोपऱ्यावर भाऊजी थांबले. वळले नाहीत. रिव्हर्स टाकला आणि आरशावरची नजर न हलवता गाडी तशीच मागे आणली, सबंध गल्ली.

"इतक्यात झाला वळसा?" ताईनं विचारलं.

भाऊजी उतरून तिच्यापाशी उभे राहिले. "आरशाशिवायही चालली असती," ते म्हणाले.

"मी तेच म्हणत होते," ताई म्हणाली, आणि उशा त्यांच्या हातात दिल्या.