घोडीच्या खुरांशी

८ डिसेंबर. ठिपक्याच्या पंजांतले काटे काढत बसले होते. आमच्या या डाल्मेशियन कुत्र्याची आज टांग्यासोबत धावायची चाचणी होती. कुत्र्याने घोड्याच्या मागच्या पायांजवळ राहायचं आणि वेळेत पोचायचं. त्याचं वय पाहता ही शेवटचीच संधी.

शेवटच्या वळणावर घोडी लंगडायला लागली. माझे दीर टांग्यातून उतरून तिला चालवत आणू लागले. वेळ संपत आली तशी मी शेवटच्या रेषेपलीकडून ओरडले, “ठिपक्या, ये!” एकटा आला असता तर नियमाने बादच झाला असता, तरी ओरडले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घोडीच्या खुरांशी चालत राहिला. दोघं उशिरा पोचले. नापास.

“वहिनी, तुमचं ऐकतो म्हणे ना?” दीर हसले.

“तुमच्या घोडीचं जास्त ऐकतो.”

नियम मला पाठ होता, पाळला त्याने. सोबत करायची तर चाल दुसऱ्याची धरावी लागते. सासूबाईंबरोबर निघाले की मी कायम पुढे असते आणि वर ‘चला, चला’ म्हणते.

९ डिसेंबर. सकाळी घोडीसाठी नालबंदाला बोलावलं. मग सासूबाईंना देवळात घेऊन गेले.

वाटेत त्या म्हणाल्या, “आज घाई नाही वाटतं तुला?”